ब्रेकला मत नसतं

आमच्या भागात त्या माणसाबद्दल कुणी वाईट बोलत नाही. शिस्तीचे, तत्त्वाचे, आता असे लोक राहिले नाहीत, अशी ठरलेली वाक्यं आहेत. मी ती म्हणत नाही. मला त्यांचा राग आहे. जुना आहे, पण शिळा झालेला नाही. इथे मी त्यांना 'काका' आणि 'ते' म्हणणार आहे, कारण मोठ्या माणसाला अरेतुरे करायचं नाही हे आईने लहानपणी कान पिळून शिकवलंय. त्यावरून मी निवळले असं कुणी समजू नये.

ओझरच्या विमान कारखान्यात काका तपासणीला होते. दुसऱ्याने केलेला भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि केसभर जरी चुकला असेल तरी त्यावर लाल खूण करून बाजूला काढायचा. आयुष्यभर हेच काम. निवृत्त झाले ते कारखान्यातून. तपासणीतून नाही. शर्टाच्या खिशात कायम लाल नेलपॉलिशची बाटली, काकूंच्या कपाटातली. जे पसंत नाही त्यावर ठिपका. शेजाऱ्याच्या फाटकाच्या बिजागरीवर ठिपका. देवळाच्या नव्या पायरीवर ठिपका. पोरं त्यांना रिजेक्टकाका म्हणायची, आणि ते चक्क ओ द्यायचे.

एकदा नाशिकरोडच्या बाजारात त्यांनी एका बाईच्या ढिगातली वांगी उचलून एकेकाला ठिपका लावायला सुरुवात केली. ती बाई चांदोरीकडची. ती कशाला ऐकून घेते?

"ओ बाबा! माझ्या वांग्यांना कुंकू कशापायी लावताय?"

"कीड आहे. रिजेक्ट."

"आता कुंकू लावलं ना? मंग नांदवायची बी तुमीच. धरा पिशवी!"

सगळा बाजार हसला. काका हसले नाहीत. थोडा विचार केला, "तुमचं बरोबर आहे," म्हणाले आणि ठिपक्याची सगळी वांगी विकत घेऊन घरी गेले. काकू सांगायच्या, "त्या आठवड्यात आम्ही जेवत नव्हतो गं, अळ्या शोधत होतो."

लोक हा किस्सा कौतुकाने सांगतात. माझं म्हणणं एवढंच, की किडकी वांगी शेवटी शिजवली कुणी?

कारण हा माणूस स्वतः काही करत नसे. एक स्क्रू पिळलेला कुणी पाहिला नाही. घरातला नळ गळायचा, त्याच्यावर ठिपका होता, आणि ठिपक्यासकट तो वर्षानुवर्षं गळत होता. "दुरुस्ती माझं खातं नाही," हे त्यांचं उत्तर. पुतणीच्या लग्नात अक्षता हातात घेऊन माणसं उभी, भटजी घड्याळाकडे बघतायत, आणि हे मांडवाचा खांब हलवून बघतायत! एक दोरी बदलेपर्यंत त्यांनी मंगलाष्टकं सुरू होऊ दिली नाहीत. पुतणी त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. 'चालेल' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "चालेल म्हणजे नाही," म्हणायचे. "नीट असतं तर 'आहे' म्हणाला असतात."

माझं त्यांच्याशी पहिलं भांडण झालं ते पत्रकावरून. मी तेव्हा नुकती कॉलेजातून बाहेर पडले होते आणि आमच्या दारूबंदी समितीची सगळी पत्रकं मी लिहायचे. मथळा होता, 'तमाम महिलांचा एल्गार!' काकांनी फाटकात उभं राहून ते वाचलं.

"किती महिला?"

"तमाम."

"तमाम हे माप नाही."

आणि माझ्या देखत मथळ्यावर लाल ठिपका. मी पत्रक हातातून ओढून घेतलं. "काका, हे विमान नाही. हे आंदोलन आहे!"

"मग तर पडल्यावर जास्त लागेल," म्हणाले आणि आत गेले.

आता दुकानाचं सांगते. आमच्या वस्तीच्या तोंडाशीच देशी दारूचं दुकान. शाळेला जायचं त्याच्यासमोरून, पाण्याला जायचं त्याच्यासमोरून, मयत न्यायचं तेही त्याच्यासमोरून. समितीत आम्ही तरुण मंडळी असलो तरी तिचा कणा होती पारूमावशी. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायची. मग साखरेच्या आजाराने एक पाय गुडघ्याखाली गेला आणि ती ओट्यावर बसली ती बसलीच. थोरला मुलगा त्या दुकानाने खाल्ला. धाकटा बाळू त्याच पायरीवर दिवस काढत होता. दुकान बंद करण्याच्या अर्जावर पहिला अंगठा तिचा. म्हणाली, "एक गेला. दुसरा जायच्या आधी ते शटर पडलं पायजे. माझं दुसरं काय मागनं नाय."

अर्ज गेला, सह्या तपासल्या गेल्या, आणि एकदाचं मतदान लागलं. फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ऐकायला किती छान! आता त्यातली मेख ऐका. मतदानाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या नव्हे, यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी बाटली केली तरच दुकान बंद. म्हणजे जी आजारी आहे, जी कामावर आहे, जी माहेरी गेली, जी वारली पण यादीतून निघाली नाही, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने! हा नियम कुणी लिहिला त्याने आयुष्यात कधी दारुड्याच्या घरी रात्र काढली नसणार.

मालकाला हे आमच्याआधी कळलं होतं. त्याने मतदानाच्याच दिवशी वणीच्या देवीला फुकट बस जाहीर केली. जेवणासकट, खणानारळासकट. आडव्या बाटलीच्या विरोधात त्याने चकार शब्द काढला नाही. देवीला नाही कोण म्हणणार? रिक्षा स्टँडवरही निरोप गेला, त्या दिवशी समितीच्या बायका बसवायच्या नाहीत. आणि मतदान कुठे, तर रेल्वेच्या पुलापलीकडच्या शाळेत. धडधाकट बाई चालत जाईल. पारूमावशी कशी जाणार? गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या, बाळंतिणी, त्या कशा जाणार?

म्हणून गाडी.

रफिक द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात पत्र्याचं काम करायचा. तिथे एक अँबॅसिडर कधीची पडली होती. कसाऱ्याच्या घाटात ट्रकने चेपलेली. तोंड आत गेलेलं, टपावर वेल चढलेला, मागच्या सीटमध्ये मांजरीने संसार थाटलेला. गॅरेजवाला म्हणाला, जागा अडतेय, न्या. टोचन लावून आम्ही ती ओढत आणली. ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. मोकळं आवार आणि पत्र्याची शेड फक्त काकांकडे होती.

"ठेवा," काका म्हणाले. "पण एकेक भाग मी बघणार."

आम्ही हो म्हणालो. काय करणार? दुसरी शेड नव्हती.

विज्या एकलहऱ्याला वीज केंद्रात ठेकेदाराकडे वेल्डर होता. सुट्टीच्या दिवशी येऊन चेसिस जोडायचा. भर उन्हात पालथा पडून त्याने सांधा जोडावा, आणि काकांनी काडीने टोचून म्हणावं, "आत पोकळ आहे." ठिपका. विज्याने तोडावं, पुन्हा जोडावं. पुन्हा ठिपका. एकदा त्याने हातोडा इतक्या जोरात फेकला की काकूंची कुंडी फुटली.

"काका, एवढं तर मला केंद्रात पण कुणी छळत नाही!"

"मग तिकडे लक्ष ठेवायला हवं," काका म्हणाले.

रफिक दरवाजा ठोकून सरळ करायचा. काका डोळे मिटून पत्र्यावरून बोटं फिरवायचे, आंधळ्याने चेहरा ओळखावा तसे. "इथे पोट आहे."

"काका, गाडी हाय ही. विमान नाय. उडवायची नाय हिला."

"हिला नाही. रस्त्यावरची माणसं उडतात."

काकू चहा घेऊन यायच्या. काका एक घोट घेऊन म्हणायचे, "साखर जास्त." काकू कप काढून घ्यायच्या. "रिजेक्ट ना? मग ठेवा. पोरं पितील." त्या घरात खरं आंदोलन कुणी चालवलं असेल तर काकूंनी.

पैसे कुणाकडेच नव्हते, त्यामुळे गाडी मिळेल त्यातून उभी राहत गेली. एक दिवा भंगार बाजारातला, दुसरा देवळाली कॅम्पातल्या लष्करी लिलावातल्या जीपचा. गाडी समोरून आली की एक डोळा मोठा करून बघतेय असं वाटायचं. हॉर्न ट्रकचा. सीटवर कापड घालायचं तर आमच्या जुन्या मोर्च्यांचे फलक फाडून शिवले. मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या पाठीशी अर्धं वाक्य यायचं, '…मिळालेच पाहिजे'. काय मिळालं पाहिजे ते शिवणीत गेलं होतं. टपावर भोंगा. रंग पिवळा, कारण विज्याला तोच मिळाला. अंगभर लाल ठिपके, कारण एक दोष काढला की काका दुसरा शोधायचे, आणि जुना ठिपका पुसायची त्यांची पद्धत नव्हती.

मी तेव्हाही चिडायचे आणि आताही चिडते. गरिबाच्या पोरांनी सुट्ट्या जाळून उभ्या केलेल्या वस्तूला विमानाचं माप लावायचं, हा कुठला न्याय? माप लावायचंच तर आधी त्यांना लावा ज्यांच्याकडे सगळं आहे! हे मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, "पडताना श्रीमंत आणि गरीब एकाच वेगाने पडतात." असलं बोलून निघून जायची त्यांना खोड होती. समोरच्याचं उत्तर तोंडातच राहायचं.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी तयार होती. इंजिन गुरगुरत होतं, गिअर पडत होते. काका ड्रायव्हरच्या सीटवर बसले, ब्रेकच्या पॅडलवर पाय दाबला आणि डोळे मिटले. इतका वेळ बसले की विज्याला वाटलं, डुलकी लागली.

"बसतंय," ते म्हणाले.

"काय?"

"पॅडल. दाबून धरलं की हळूहळू खाली जातंय. रिजेक्ट."

रफिकने आतलं रबर बदललं होतं, पण ब्रेकचा सिलेंडरच झिजलेला होता. नवा मुंबईहून यायचा होता आणि दुकानदार म्हणत होता, परवा.

"दोनदा पाय मारला की धरतं, काका," रफिक म्हणाला. "निम्म्या नाशकातल्या गाड्या अशाच चालतात."

"म्हणून निम्मं नाशिक प्लास्टरमध्ये असतं."

आमच्या समितीत सगळं ठरावाने व्हायचं. पत्रकाचा रंग ठरावाने, चहा कुणी आणायचा तेही ठरावाने. मी उभी राहिले. "ठराव मांडते. गाडी उद्याच्या मतदानासाठी योग्य आहे. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

सगळ्यांचे हात वर. विज्याचे दोन्ही. रफिकचा एकही नाही.

"रफिक?"

"मी तटस्थ."

"अरे, तू मेकॅनिक आहेस!"

"म्हणून तर तटस्थ हाय."

ठराव बहुमताने मंजूर झाला. काका शेडच्या दारात उभे होते. "झालं मतदान? छान," म्हणाले. "ब्रेकला मत नसतं."

हे मी लपवत नाही. लोक हसतात या ठरावाला. हसू देत. मी आजही तो मांडेन. धोका, धोका काय करता? पारूमावशी ज्या घरात बसली होती तिथे धोका नव्हता? एक पोरगा स्मशानात आणि दुसरा दुकानाच्या पायरीवर, ते पॅडल कुणी दाबून बघितलं होतं? गाडीचा ब्रेक लागला नसता अशी शक्यता होती. दुकान चालू राहिलं असतं तर काय होणार, यात शक्यता नव्हती, खात्री होती. मग कशाशी काय तोलायचं?

सकाळी रफिकने किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, इंजिन पेटेना. पुन्हा फिरवली. बॉनेट उघडलं, आतलं एक झाकण काढलं आणि तो माझ्याकडे बघत राहिला. "रोटर नाय."

रोटर म्हणजे बोटाएवढा तुकडा. तो नसला की ठिणगी पडत नाही आणि गाडी म्हणजे नुसतं कपाट. काका फाटकात उभे होते, कारखान्यातला जुना खाकी कोट घालून. एक हात खिशात.

"द्या तो," मी म्हणाले.

"उद्या."

"मतदान आज आहे! काका, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात? त्या दुकानवाल्याने काय सांगितलं तुम्हाला?"

एवढं मी बोलले. तो आरोप खोटा होता हे मला तेव्हाही माहीत होतं. काकू बाहेर आल्या. नवी साडी, हातात पिशवी, गुडघ्याला पट्टा.

"अहो, मी मतदानाला जाऊ कशी?"

"या गाडीतून नाही."

"मग काय तुमच्या खांद्यावर?"

विज्याने बॉनेट आपटलं. "काका, इंजिनच नको ना तुम्हाला? मग ढकलत नेऊ का?"

तो टोमणा होता. पण या माणसाला टोमणा कळतच नव्हता. त्यांनी मान वर केली. "ढकलत?" म्हणाले. आत बसून हँडब्रेक ओढला, आम्हाला गाडी रेटायला लावली, खाली वाकून मागची चाकं बघितली. मग उठले. "हँडब्रेक धरतोय. मागे दोर बांधा. उताराला चाकामागे-पुढे ठोकळा मी लावीन. माणसाच्या पावलाने न्यायची." आणि फाटकातून बाजूला झाले.

ढकलणार कोण? समितीचे पुरुष म्हणजे विज्या आणि आणखी दोघं. त्या दिवशी मतदानामुळे दुकान बंद होतं, आणि रोजचं गिऱ्हाईक बंद शटरपुढे पायरीवर बसून होतं, काय करावं ते न कळून. काकांनी रस्त्याच्या मध्यावरून आवाज दिला, "काय रे, हात रिकामे आहेत ना? या इकडे!"

आणि आले! देवाशपथ सांगते, आले. ज्यांची दारू बंद करायला आम्ही निघालो होतो, तेच गाडीच्या मागे लागले. एक जण मला म्हणतो कसा, "ताई, इथलं बंद झालं तर आमी कॅम्पात जाऊन पिऊ. पन आज मोकळंच हाय, तर ढकलतो की." मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली आणि पायही धरावेसे वाटले.

बाळूही आला. त्याचे हात कापत होते. मागच्या काचेला तळवे लावून तो रेटत होता आणि आत, काचेच्या अलीकडे, पारूमावशी. ती पूर्ण वळून बसली होती. पुढे रस्ता होता, शाळा होती, तिचं मत होतं, आणि ती मागे बघत होती.

पहिल्या खेपेला काकूही होत्या. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा यांनी मला गाडीतून फिरवलं," त्या खिडकीतून सगळ्यांना सांगत होत्या, "तेही ढकलत!" भोंग्यावर मी ओरडत होते. पुलाच्या चढावर माणसं वाकून वाकून रेटत होती, उतारावर दोर धरून मागे लोंबकळत होती, आणि हे गृहस्थ लाकडी ठोकळा हातात घेऊन चाकाशेजारून वाकून चालत होते, एखाद्या बाळाला चालायला शिकवावं तसे. मालकाची माणसं पानटपरीवर उभी राहून शिट्ट्या मारत होती. वणीच्या बसेस सकाळीच भरून गेल्या होत्या.

इंजिनावर जी खेप चहा गार व्हायच्या आत झाली असती, तिला ढकलताना सकाळ गेली. दुपारपर्यंत माणसं गळाली. मतदान केंद्र बंद झालं तेव्हा गाडी पुलाच्या चढावर होती आणि आत बाया बसलेल्या होत्या. त्यांना तिथूनच परत आणलं.

आडव्या बाटलीला ढीगभर मतं पडली. उभ्या बाटलीला नगण्य. आणि दुकान राहिलं. निम्म्याला थोडं कमी पडलं. दोन खेपांचं अंतर होतं. जास्तीत जास्त दोन.

मी सरळ शेडवर गेले. काका रोटर जागेवर बसवून घेत होते, अर्थात रफिककडून.

"तुमच्यामुळे हरलो."

"हो," ते म्हणाले.

मला वाद हवा होता. हा माणूस वादही देईना. "ब्रेक टिकला असता!"

"टिकलाही असता."

"मग?"

"मला माहीत नव्हतं. माहीत नसलेलं मी पुढे सोडत नाही." मग म्हणाले, "पारूबाईंना मी सांगतो. अडवणाऱ्याने जाऊन सांगायचं असतं."

मीही मागोमाग गेले. मला बघायचं होतं. पारूमावशी ओट्यावर बसली होती. काका समोर उभे राहिले, कोटाची बटणं लावलेली. "गाडी मी अडवली," म्हणाले. "तुमच्या बायका त्यामुळे कमी पडल्या."

ती ओरडली नाही.

"साहेब, तुमी गाडी अडावली. बरं केलं का वाईट, मला काय कळतं त्यातलं. पन अडवायची धमक हाय ना तुमच्यात? मंग इतकी वर्सं ते दुकान का नाय अडावलं?"

काका काहीतरी म्हणायला गेले. "ते माझं…" एवढंच आलं. पुढचा शब्द आला नाही. 'खातं' म्हणायचं होतं त्यांना, मला पक्कं माहीत आहे. निदान तिच्यासमोर म्हणायची लाज वाटली, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहिते.

मुंबईहून सिलेंडर आला. रफिकने बसवला. काकांनी पॅडल दाबून धरलं आणि ते जागचं हललं नाही. ते उतरले, फाटक उघडून बाजूला उभे राहिले. गाडी पास झाली होती. आता ती जाणार कुठे? पुन्हा मतदान मागायचं तर मधे बराच काळ जावा लागतो, असाही एक नियम निघाला.

बाळूला तेवढा वेळ नव्हता. एका दुपारी दुकानाच्या पायरीवर त्याला रक्ताची उलटी झाली. गाडी धावली ती त्याच्यासाठी. रफिक चालवायला, काका त्याच्या शेजारी, मागे पारूमावशी, तिच्या मांडीवर बाळूचं डोकं आणि मी त्याचे पाय धरून. रफिकने गाडी अक्षरशः फेकली. पुलाच्या उतारावर एक हातगाडी आडवी आली. पोरं होती तिच्याभोवती. रफिकने पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. एकदाच दाबला. दोनदा नाही.

हेच मला सगळे ऐकवतात. बघ, ब्रेक लागले म्हणून तुम्ही वाचलात, ती पोरं वाचली. वाचलो! मी कुठे नाही म्हणते? आम्ही सगळे सुखरूप सिव्हिलला पोहोचलो. बाळूही. तिथे पोहोचून गेला. आम्ही वाचलो म्हणून मी गप्प बसावं, असा ठराव कुणी कधी केला? दोन खेपांनी राहिलेलं ते दुकान कुणाच्या हिशेबात धरायचं? ब्रेकचा दोष दिसतो, हाताला लागतो, त्याला थांबवता येतं. ज्या दोषाने माणसं रोज मरतात तो परवाना लावून, उदबत्ती लावून, शटर वर करून बसलेला असतो आणि शिस्तीची माणसं त्याच्यासमोरून बाजारात जातात. माझा राग आहे तो हा आहे. तो एकट्या काकांवर नाही. पण त्यांच्यावर आहेच, कारण ज्यांना थांबवता येतं अशा माणसांतले ते होते.

संध्याकाळी बाळूला घेऊन आम्ही त्याच गाडीतून परत निघालो. दुकानासमोर आल्यावर काका रफिकला म्हणाले, "थांब."

ते उतरले. खाकी कोट, बटणं लावलेली. रस्ता ओलांडून काउंटरपाशी गेले आणि उभे राहिले. रांगेतली माणसं सरकली, त्यांना जागा करून दिली. मला वाटलं, आता. आता हा माणूस काहीतरी करणार.

मालकाने वर बघितलं. "या काका," म्हणाला. "काय देऊ?"

काका उभे राहिले. मग वळले, परत आले, गाडीत बसले आणि दार ओढून घेतलं.

"चल," पारूमावशी रफिकला म्हणाली. "त्याला घरी नेऊ."